सनईखालचा आवाज

मिसिसागा मागे पडत होतं तेव्हा ठक् झालं. एकदाच. बोटाच्या पेरानं कुणी दारावर वाजवावं आणि आत कुणी नाही असं समजून निघून जावं, तेवढंच. रवींद्रला ते कानाआधी तळपायात कळलं. निजलेल्या पोराच्या अंगावरून हात काढून घ्यावा तसा त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलला आणि वाट पाहिली. काही नाही. जूनमधली शनिवारची सकाळ, फोर-ओ-वन हायवेवर पसरलेलं ऊन, उजव्या हाताला ट्रकांची रांग, आणि गाडीत मोगऱ्याचा वास. ब्रॅम्प्टनच्या दुकानातला मोगरा, फ्रीजमध्ये राहून पाकळ्यांच्या कडा तांबूस झालेला, तरी मोगराच. आरशात ऊर्मी दिसत होती. कपाळावर मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा, पिवळ्या अष्टपुत्रीवर टाकलेली शाल. तिच्या शेजारी नीरजा, त्याची बायको, नवरीची पाठराखीण म्हणून मांडीवर नारळ धरून बसलेली. दोघी कशावर तरी हसत होत्या. त्यांना ऐकू आलं नव्हतं. मग आपल्यालाही आलं नाही, असं त्यानं ठरवलं. आणि हे ठरवणं आता किती सवयीचं झालंय ते लक्षात येऊन कॉलरच्या आत काहीतरी गरम गरम वर चढत गेलं.

ऊर्मी त्याची रक्ताची भाची नव्हे. उल्हास आणि सुरेखा मिल्टनमध्ये त्याच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे राहणारे, त्यांची ही एकुलती एक. सुरेखाचा सख्खा भाऊ बाळ अकोल्याला. त्याचा व्हिसा आला नाही. मांडवात मुलीला आणायची ती मामानं, अंतरपाटापर्यंत हात धरून. तिथं बापाचं काम नाही, आईचंही नाही. म्हणून एप्रिलमध्ये, अजून कडेकडेला मळका बर्फ होता तेव्हा, सुरेखा बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. "रवी, दर दिवाळीला ओवाळते तुला, ते काय फुकट? आता मामा हो," म्हणाली. तो हसला होता. त्याला भरूनही आलं होतं. बहीण नसलेल्या माणसाला तिनं परदेशात भाऊ केलं होतं, आणि आता त्या नात्याला असं भरघोस कणीस धरलं होतं. मग उल्हास म्हणाला, "आणि रव्या, ते तुझं विमान काढ त्या दिवशी. आमच्या व्हॅनमधून नवरी नेली तर हॉलवाले म्हणतील, केटरिंग आलं, मागच्या दारानं घ्या." सगळे हसले. त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण त्याच्या तोंडात लाडू होता, आणि लाडू गिळेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

नव्हे, लाडवाचं निमित्त. लाडू नसता तरी त्यानं सांगितलं नसतं. ते विमान म्हणजे ही काळी जर्मन गाडी, दहा सिलिंडरांची, नवी असताना एखाद्या डॉक्टरलाही दोनदा विचार करायला लावणारी. आणि त्यानं ती घेतली तेव्हा दीड लाख किलोमीटरच्या पुढं गेलेली, चौथ्या हातातली, साध्या नव्या कोऱ्या गाडीच्या भावात. नीरजा म्हणाली होती, "अहो, ती साधीच घेऊ. बर्फात कुठं पळवणार आहात?" तिला काय सांगणार. कंपनीच्या पार्किंगमध्ये, नॉर्थ यॉर्कच्या त्या काचेच्या इमारतीखाली, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान पोरं त्याचे मॅनेजर होऊन गाड्या लावत. नागपूरला मेकॅनिकल इंजिनिअर झालेला माणूस इथं येऊन दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसला होता, आणि त्याला एकदा, फक्त एकदा, चावी फिरवल्यावर छातीत वाजेल असं काहीतरी आपलं हवं होतं. ते वाजलंही. विकणाऱ्याच्या आवारातल्या पहिल्या चकरेत वाजलं ते रक्तात उतरलं. मग मंडळाच्या गणपतीला कुणीतरी बॉनेटवरून हात फिरवत विचारलं, "वा, नवी का?" तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. खिशातून रुमाल काढून त्यानं काचेवरचा एक डाग पुसला. एवढ्या पुसण्यानं गाडी नवी झाली. पुढं लोकच सांगत गेले, रवींद्रनं नवी घेतली, आणि तो त्या सांगण्याच्या मागं मागं चालत गेला, उत्सवमूर्तीच्या मागं हळूहळू चालावं तसा.

गाडी मात्र चालत नव्हती; ती मागत होती. आधी गिअरचा पंप. मग ऑइल गळायला लागलं, मग कसलं तरी झडपेचं यंत्र, जे काढायला निम्मं इंजिन उघडावं लागे. दर खेपेला तो घरी म्हणे, "सर्व्हिसिंगला टाकलीय." एवढी सर्व्हिसिंग कुठली असते, हे नीरजानं विचारलं नाही. आठवड्याची ग्रोसरी आणताना तिनं आंबे घेणं बंद केलं, एवढंच. तिनं ते कधी बंद केलं हे त्याला बरेच दिवस लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा त्यानं एक पेटी आणून टेबलावर ठेवली. तिनं ते आंबे हळूहळू, दोन दोन करून वाढले. त्या आंब्यांची चव त्याच्या जिभेवर अजून होती, गोड, आणि खाली कुठंतरी तुरट.

मग पंधरवड्यापूर्वी दिलीपचं गॅरेज. दिलीप सुरतेचा, तोंडाचा फटकळ, गिऱ्हाइकाला चहा पाजून टोचणारा. त्यानं काढलेल्या ऑइलचे चार थेंब पांढऱ्या कागदी टॉवेलवर टाकले आणि उन्हात धरले. काळ्या थेंबात बारीक बारीक चमचम होती, हळद सांडल्यासारखी. "देखो रवीभाई, सोना निकला," दिलीप म्हणाला. "हाथी पाला है, तो गन्ने का खेत भी खरीदना था ना." मग हसणं थांबवून म्हणाला, बेअरिंग झिजलेत, आता ही हायवेवर नेऊ नका, करायचं तर काम करा नाहीतर उभी ठेवा. रवींद्रला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कॉलेजात त्यानं हाच भाग काढला होता, ड्रॉइंग बोर्डवर वाकून, टोकदार पेन्सिलीनं; दट्ट्याचा दांडा, त्याच्या गळ्यातली तांब्याची पातळ वाटी, आणि वाटी व तिच्यात फिरणारा आस यांच्यामध्ये केसाहून बारीक तेलाची चादर. ती चादर फाटली की लोखंड लोखंडाला भिडतं. आधी वाजतं, मग धरतं. कशी फाटते, किती वेळात, सगळं ठाऊक होतं. कामाचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. तो म्हणाला, "अगले महीने करेंगे. बीच में भाची की शादी है." दिलीपनं खांदे उडवले. "तो बस में जाओ शादी में."

ठक्. ठक्. आता दोनदा. टेकडीवर चढताना, जरा भार आल्याबरोबर.

काल संध्याकाळी हळद होती. उल्हासच्या बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीशेजारी, सतरंजीवर बायका बसल्या होत्या, आणि उल्हासची आई, खामगावहून आलेल्या अरुणाआजी, दोन्ही डोळे मिटून गात होत्या. आवाज पिठासारखा, मऊ आणि थोडा खरखरीत. आजी ओवीत माणसांची नावं घालत. ज्याचं नाव येई त्यानं उठून उभं राहायचं, अशी त्यांची रीत. त्याचं नाव आलं नाही, नातं आलं.

माझ्या गं ऊर्मीबाईचा, मामा आला दुरून
काळ्या त्याच्या घोड्यापुढं, वारा जातो सरून

"उठा की मामा," कुणीतरी म्हणालं. तो उठला. हळदीच्या हातांनी बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि तो तिथं उभा राहिला, भट्टीच्या पत्र्याकडं बघत. काळा घोडा बाहेर ड्राइव्हवेत उभा होता. संध्याकाळी तो त्यानं जरा बाजूला घेतला होता, पाहुण्यांच्या गाड्यांना जागा म्हणून, आणि थंड इंजिन चालू करताना आतून दाणे परतल्यासारखा आवाज आला होता. तेव्हाही सांगता आलं असतं. पण ओवी म्हणून झाल्यावर माणूस काय सांगणार? की आजी, घोडा लंगडा आहे? त्याला लहानपणापासून ओव्यांची भीती होती, प्रेमाइतकीच. आई जात्यावर जे म्हणे ते खरं व्हायचं असं त्याला वाटे. म्हणे भाऊ हत्तीवरून आला, की तो अंगणात जाऊन बघे. अंगणात मामा सायकलला टेकून उभा असे, पायात चिखल, कॅरिअरला गुळाची ढेप बांधलेली. आणि आईला ते दिसतही नसे. ती त्याच हत्तीवरच्या भावाला पाणी द्यायला धावे. त्या मामानं कधी म्हटलं नाही की हत्ती आहे. त्यानं फक्त सायकल भिंतीला नीट टेकवली. किती सोपं होतं ते.

ठक् ठक् ठक्. आता मध्ये थांबत नव्हतं. आरशात ऊर्मीनं मान वर केली. रवींद्रचा हात पुढं गेला. पुढं जाताना त्यानं तो पाहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, बोटावर हळदीचा पिवळा डाग असलेला. सीडीवर सनई लागली होती. हातानं तिचा आवाज वाढवला.

सनई गाडीभर झाली. नीरजा म्हणाली, "अहो, कान." तो म्हणाला, "असू दे, लग्न आहे." त्या वाक्याची किळस त्याला बोलतानाच आली. या माणसाच्या मागं एक मुलगी बसली होती, चोवीस वर्षांची, आणि ताशी शंभरानं धावणारं लोखंड कुठल्याही क्षणी गोठलं असतं, मागून ट्रक येत होते, आणि त्यानं काय केलं होतं? सनई मोठी केली होती. बाजूला घ्यायला हवं, आत्ता, या क्षणी. पण बाजूला घेतलं की मुहूर्त चुकणार. मुहूर्त चुकला की विचारणार. पुढच्या एक्झिटपर्यंत गाडी येईल. त्याच्या पुढच्या एक्झिटपर्यंत. देवाला त्यानं काही मागितलं नाही. देवाला जे सांगायचं तेही खोटंच निघालं असतं.

"रवीमामा," ऊर्मी म्हणाली, "व्हॉट्स दॅट साउंड?"

"रस्ता खराब आहे गं. काँक्रीटचे जोड."

आरशात तिचे डोळे त्याच्या डोळ्यांवर टेकले. त्यात राग असता तर बरं झालं असतं. तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

मग खालून एक घाव बसला, अख्ख्या गाडीला, आणि शांत झालं. इंजिन गेलं. सनई चालूच होती. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. दोन्ही हातांनी ओढत, दिवे लावून, उरलेल्या वेगावर त्यानं गाडी उजवीकडं घेतली. एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला, त्याचा वारा दारावर आदळला, नीरजाच्या मांडीवरचा नारळ खाली पडून सीटखाली गेला. खडीवर चाकं कुरकुरली. थांबली. त्यानं सनई बंद केली. आता बॉनेटखालून फक्त टिक टिक येत होतं, तापलेलं लोखंड निवण्याचं, आणि जळक्या तेलाचा वास मोगऱ्यात मिसळत होता.

"उतरा. उजव्या बाजूनं उतरा, कठड्याच्या पलीकडं," त्याचा आवाज त्याला लांबून आला. तिघं गवतात उभी राहिली. रस्त्यावरून जाणारी माणसं वळून वळून पाहत होती, पिवळ्या साडीतली नवरी, उगवल्यासारखी गवतात. एकानं हात हलवला. ऊर्मीनंही हलवला. नीरजानं उल्हासला फोन लावला, "हो, हायवेवर, सगळे ठीक आहोत," म्हणाली, मग फोन पर्समध्ये ठेवून नवऱ्याकडं पाहिलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना कुणीतरी?" तिनं विचारलं. तो प्रश्न नव्हता. त्यानं मान डोलावली. तिनं मान फिरवली आणि ऊर्मीच्या मुंडावळ्या सरळ करू लागली, फार वेळ, फार हळुवारपणे. आपल्यावर ओरडली असती तर आपण निदान काहीतरी झेललं असतं.

टो-ट्रक बोलवायच्या आधीच आला, तसे ते इथं घारीसारखे फिरतच असतात. चालक पंजाबी, दाढीवाला. त्यानं नवरी पाहिली, घड्याळ पाहिलं. "कहाँ शादी है? नॉर्थ यॉर्क? बैठो जी, बेटी को पहले बिठाओ. गड्डी पीछे चढ़ जाएगी." रवींद्र म्हणाला, टॅक्सी मागवू. ऊर्मीनं निऱ्या हातात धरल्या. "नो टाइम, मामा. चला." आणि पायरीवर पाय ठेवून ती त्या उंच केबिनमध्ये चढलीसुद्धा. मागच्या बाकावर तिघं दाटीनं बसली, नवरी मध्ये. पाठच्या काचेतून सपाट फळीवर चढवलेली काळी गाडी दिसत होती, नाक वर करून, गळ्यात सकाळी घातलेली झेंडूची माळ तशीच.

मग ऊर्मी पुढं बघत, हलक्या आवाजात म्हणाली, "काल ड्राइव्हवेत ऐकलं मी. आय नो दॅट साउंड, मामा. आय वर्क ऑन इंजिन्स." ऑकव्हिलच्या कारखान्यात ती इंजिनांच्या चाचण्या घ्यायची, हे त्याला ठाऊक होतं, कौतुकानं चारचौघांत सांगायचाही तो, आणि तरी तिला बसवताना त्याच्या मनात ते आलंच नव्हतं. "मग बसलीस का?" त्यानं विचारलं. तिनं चुडा मनगटावर मागं सारला. "आजी गात होती. यू वर स्टँडिंग देअर. मला वाटलं, मामा सांगेल. सकाळी तरी सांगेल. आय केप्ट वेटिंग." मग खांदे उडवून, "स्टुपिड ऑफ मी, टू." नीरजानं तिचा हात आपल्या हातात घेतला. रवींद्रनं आपले हात मांडीवर पाहिले. त्यांचं काय करायचं ते त्याला समजेना. मुलीनं त्याच्या मानासाठी आपला जीव त्याच्या गाडीत ठेवला होता, आणि तो सनईचं बटण शोधत होता.

हॉलच्या दारात ढोल होता. टो-ट्रक वळताच तो क्षणभर अडखळला आणि मग दुप्पट जोरानं वाजू लागला. पोरं मोबाइल काढून पुढं धावली, कुणी शिट्टी मारली, "मामानं रथ आणला रे रथ," असा गिल्ला झाला. सगळ्यांना गंमत वाटली. रवींद्रला वाटलं होतं लोक हसतील आपल्याला. ते त्याच्या बाजूनं हसत होते, आणि ते सोसणं जास्त कठीण होतं. उल्हास घामाघूम होऊन पुढं आला, लेकीला खाली उतरवून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग मित्राचे खांदे धरले. "रव्या, ठीक आहेस ना? नवी गाडी आणि अशी? हे लोक समजतात काय स्वतःला? सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर डीलरकडं. वॉरंटीत आहे, सोडायचं नाही त्यांना." आजूबाजूचे दोघं-तिघं माना डोलवू लागले. एकाला आपल्या फ्रीजची हकिगत आठवली. रवींद्र त्या सगळ्या भल्या, तापलेल्या चेहऱ्यांच्या मधे उभा होता, आणि त्याला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की झालं. उद्या गाडी विकता आली असती, कंपनीनं परत घेतली म्हणता आलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयारसुद्धा होतं, गुळगुळीत.

सुरेखा आली ती हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. डोळे रडून लाल. नवरी दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पण तिनं लेकीला आणि त्याला शेजारी शेजारी उभं केलं. "आधी दृष्ट काढते दोघांची. मेली कुणाची नजर लागली माझ्या भावाच्या गाडीला," ती पुटपुटत होती, "थोडक्यात वाचवलंस रे पोरीला." तिचा हात त्याच्या डोक्यापाशी आला, तुकडा धरलेला, उजवीकडून खाली, डावीकडून वर. भाकरीला तव्याचा वास होता. परदेशात आज पहाटे उठून तिनं ही एक भाकरी थापली होती, टाकण्यासाठी. दुसऱ्यांदा हात वर आला. कुणाकुणाच्या डोळ्यांवर हे ढकललं जाणार? त्या गणपतीत बॉनेटवरून हात फिरवणाऱ्या साध्या माणसाच्या?

"ताई, थांब," तो म्हणाला.

"बोलू नये मध्ये."

"दृष्ट नाही ही. गाडी जुनी आहे. पहिल्यापासूनच जुनी होती. हायवेवर नेऊ नको म्हणून मला सांगितलं होतं. मला माहीत होतं आणि मी तिला बसवलं."

ढोल वाजत होता. उल्हास म्हणाला, "काय?" त्याला खरंच ऐकू गेलं नव्हतं. आता तेच पुन्हा सांगायचं होतं, जास्त मोठ्यानं, आणि रवींद्रनं सांगितलं. ढोलवाल्यानं त्याचा चेहरा पाहून हात आवरला, म्हणून शेवटचे शब्द सगळ्या दारभर गेले. उल्हासचे हात त्याच्या खांद्यांवरून खाली आले. तो ट्रककडं, त्यावरच्या माळ घातलेल्या गाडीकडं, आणि मग लेकीकडं पाहत राहिला, ती तिथं आहे ना हे पुन्हा तपासून घ्यावं तसा.

सुरेखाचा हात त्याच्या खांद्याच्या उंचीवर थांबला होता. ती त्याच्याकडं पाहत होती. दिवाळीला निरांजन धरून पाहायची तेवढ्याच अंतरावरून. आतून गुरुजींची हाक आली, मामांनी मुलीला आणा. सुरेखानं हात त्याच्यापासून मागं घेतला. उरलेला फेरा तिनं फक्त ऊर्मीवरून ओवाळला, तुकडा लांब टाकला, तांब्यातलं पाणी दोन्ही बाजूंना सोडलं. मग पदरानं हात पुसत, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मुहूर्त टळतोय. हात धर तिचा." दोन पावलं पुढं जाऊन ती वळली. "नीट धर."

त्यानं हात पुढं केला. ऊर्मीनं आपला हात त्यात ठेवला; गार होता, चुड्यापाशी घामेजलेला. आत माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, अक्षता मुठीत, आणि मधली वाट लांब होती. त्याचं पाऊल मागं पडत होतं. ऊर्मीनं ते ओळखलं असावं, कारण तिनं आपलं पाऊल त्याच्याइतकं सावकाश केलं.